गोचीड निघाली, पण महिनाभर डोळ्यांत तेल घालून बसावं लागलं

लेकीच्या गुडघ्यामागच्या घडीत तो काळा ठिपका मला आंघोळ घालताना दिसला. आधी माती वाटली. बोटाने पुसली, जाईना. तीळ म्हणावा तर तिच्या अंगावर कुठे कुठे तीळ आहेत ते मला पाठ आहे, आणि तिथे तीळ नाही. नवऱ्याला हाक मारली, मोबाइलचा टॉर्च लावला. उजेडात त्या ठिपक्याला पाय दिसले. खसखशीच्या दाण्याएवढा जीव, तोंड कातडीत रुतलेलं, मागचा भाग किंचित वर उचललेला.

गोचीड म्हटलं की आपल्याला आठवते ती कुत्र्याच्या कानात रक्त पिऊन टम्म फुगलेली, करड्या रंगाची. ही तशी नव्हतीच. ही होती निम्फ, म्हणजे पूर्ण वाढ न झालेली गोचीड. दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. चावताना दुखत नाही, कारण तिच्या लाळेतच चावा बधिर करणारी द्रव्यं असतात. वसंतापासून भर उन्हाळ्यापर्यंत या निम्फ गवताच्या पात्यावर पुढचे पाय पसरून बसतात आणि जवळून जाणाऱ्याला बिलगतात. त्या उडत नाहीत, झाडावरून टपकत नाहीत. आम्ही राहतो तिथे झाडी आहे, हरणं आहेत, उंदीर आहेत आणि गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम हा आजारही आहे. त्यामुळे तो ठिपका पाहिल्यावर माझ्या पोटात गोळा आला तो उगाच नव्हता.

काढायची कशी, ते माहीत होतं. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, कातडीच्या अगदी लगत धरायचं आणि सरळ वर, सारख्या जोराने ओढायचं. झटका द्यायचा नाही, पिळायचं नाही. तेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी असले उपाय लोक मनापासून सांगतात, पण ते करू नयेत. त्यांनी गोचीड लवकर सुटत नाही, आणि डिवचली गेली तर पोटातलं जखमेत ओकण्याचा धोका असतो. लेकीला पालथं झोपवलं. ती विचारत होती, "आई, ती मला खातेय का?" म्हटलं, "नाही गं, चिकटलीय नुसती. तू हलू नकोस, मी काढते." नवऱ्याने उजेड धरला. चिमट्याबरोबर कातडीही थोडी वर आली, क्षणभर तशीच ताणून राहिली, आणि मग गोचीड सुटली. पाय हलत होते. जागा साबणाने धुतली, स्पिरिट लावलं. गोचीड पारदर्शक चिकटपट्टीत बंद केली आणि वर तारीख-वेळ लिहून ठेवली. तिचं तोंड तुटून आत राहिलं असतं तरी कोरत बसायचं नव्हतं. कातडी ते आपोआप बाहेर टाकते.

मग सगळं अंग तपासलं. कानांच्या मागे, काखा, बेंबी, कमर, जांघा, पायाच्या बोटांच्या बेचक्या, केसांची मुळं. आणखी काही दिसलं नाही.

लेक झोपली, पण मला झोप कुठली. वाचत बसले आणि वाचता वाचता एका गोष्टीपाशी थांबले. या आजाराच्या शोधाची सुरुवात आयांनी केली आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. तिथे आणि आसपास 1970 च्या दशकात मुलांचे गुडघे सुजायला लागले. मुलांचा संधिवात म्हणून एकेकाचं निदान होत होतं. पण संधिवात असा एकाच रस्त्यावरच्या घराघरांत कसा होईल, हे पॉली मरे या आईला पटेना. तिच्या स्वतःच्या घरातली माणसं वर्षानुवर्षं आजारी होती. तिने नोंदी ठेवल्या, आणखी कुणाकुणाला होतंय याची माहिती गोळा केली. 1975 मध्ये तिने आणि ज्युडिथ मेन्श या दुसऱ्या आईने, एकमेकींना न सांगता, आरोग्य खात्याला कळवलं. येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन स्टीअर यांनी तपास केला, 1977 मध्ये 'लाइम संधिवात' या नावाने तो प्रसिद्ध झाला. कारण सापडायला आणखी काही वर्षं गेली. विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना गोचिडीच्या पोटात मळसूत्री आकाराचे जिवाणू दिसले आणि 1982 मध्ये ते जगापुढे आले. त्यांच्यावरूनच जिवाणूला बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव पडलं. हे वाचून धीर आला असं म्हणणार नाही, पण आईच्या शंकेला किंमत असते एवढं त्या रात्री पक्कं झालं.

सकाळी दवाखान्यात फोन केला. नर्सने नेमके प्रश्न विचारले. गोचीड किती मोठी होती? चपटी की फुगलेली? किती वेळ चिकटलेली असेल? काढून किती तास झाले? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण चाव्यानंतर खबरदारी म्हणून डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा एकच डोस देतात, तो गोचीड काढल्यापासून 72 तासांच्या आत द्यावा लागतो. मला वाटलं, चला, एक गोळी आणि विषय संपला.

डॉक्टरबाईंनी चिकटपट्टीतली गोचीड भिंगाखाली धरली. पाय काळे, पाठीवर पुढच्या भागात गडद ढाल, म्हणजे लाइम पसरवणाऱ्या जातीचीच. पण चपटी. त्यांनी आमच्याकडून मागच्या दिवसाचा हिशेब मांडून घेतला. आदल्या संध्याकाळी आंघोळीला ती जागा स्वच्छ होती, सकाळी लेक झाडीच्या कडेला खेळली, रात्री गोचीड सापडली. म्हणजे पुरता एक दिवसही झाला नव्हता. त्यांनी समजावलं ते असं. हे जिवाणू गोचिडीच्या आतड्यात मुक्कामाला असतात. गरम रक्त पोटात गेलं की ते जागे होतात, तिथून लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोहोचतात आणि मगच माणसात उतरतात. या प्रवासाला वेळ लागतो. चोवीस तासांच्या आत निघालेल्या गोचिडीपासून लाइम होण्याची शक्यता फार कमी असते. खबरदारीचा डोस देताना 36 तास किंवा जास्त चिकटलेली असावी अशी अट धरतात. लाइम असलेल्या भागातही, गोचीड चावलेल्यांपैकी साधारण एक ते तीन टक्के लोकांनाच तो होतो. थोडक्यात, डोस नको.

"मग रक्त तरी तपासा," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "आज तपासून मला काही कळणार नाही आणि तुम्हालाही नाही."

इथे मी अडले. आजार होऊ शकतो म्हणता, तपासणी आहे म्हणता, मग करायची का नाही? पैशांचा प्रश्न नव्हता, लेक सुईला घाबरते हाही प्रश्न नव्हता. मला हातात एक कागद हवा होता, ज्यावर 'नाही' असं लिहिलेलं असेल. त्यांनी घाई केली नाही, खुर्ची ओढून समोर बसल्या. ही तपासणी जिवाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती रक्तात दिसण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे लागतात. आज तपासलं तर 'नाही' येईल, ते खरंच 'नाही' आहे की 'अजून नाही', हे कुणी सांगू शकणार नाही. तुम्ही मात्र त्या कागदावर विसंबून बघायचं सोडाल. आणि 'आहे' आलं, तर तेही या चाव्याचं नसेल. जुन्या संसर्गाचं असू शकतं किंवा फसवं असू शकतं. म्हणूनच ती तपासणी दोन टप्प्यांत करतात, पहिलीत काही निघालं तरच दुसरी.

गोचीडच तपासून घेऊ का, हेही विचारून पाहिलं. त्यावर त्यांचं म्हणणं, गोचिडीत जिवाणू सापडला तरी तो मुलीत उतरला असं होत नाही, आणि सापडला नाही तरी दुसरी एखादी कुठे चावली असेल त्याचं काय?

ते दुसऱ्या गोचिडीचं वाक्य मी तेव्हा कानाआड केलं नाही ते बरं झालं.

निघताना त्यांनी सांगितलं, पुढचे तीस दिवस रोज अंग बघा. गुडघ्यामागेच नाही, सगळं अंग. लाइम झालेल्यांपैकी 70 ते 80 टक्के जणांना चाव्यापासून 3 ते 30 दिवसांत लाल चट्टा उठतो आणि पसरत जातो. तो रोज मोठा होतो, पाच सेंटीमीटरच्या पुढे जातो, हाताला थोडा गरम लागतो आणि बहुधा खाजत नाही, दुखत नाही. नेमबाजीच्या लक्ष्यासारखी एकात एक वर्तुळं, जी सगळ्या चित्रांत दाखवतात, ती दरवेळी नसतात. त्या वर्तुळांची वाट बघत बसू नका, असं त्यांनी बजावलं. त्या वेळी मला हा सल्ला म्हणजे रिकाम्या हाताने परत पाठवणं वाटलं होतं. आज विचाराल तर आम्हाला मिळालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच होती.

दुसऱ्याच दिवशी गुडघ्यामागे नखाएवढी लाली आली. जीव टांगणीला लागला. फोटो काढून पाठवला. उत्तर आलं की एक-दोन दिवसांत येणारी, खाजणारी छोटी लाली म्हणजे गोचिडीच्या लाळेची रिअ‍ॅक्शन, डास चावल्यावर येते तशी. बॉलपेनने कडेने रेघ मारा आणि रोज बघा, लाली रेघ ओलांडते का. मारली. लेकीला पेन गुदगुल्या करायचं, ती पाय ओढून घ्यायची, रेघ वाकडी व्हायची. लाली रेघेच्या आत राहिली, फिकी होत गेली आणि नाहीशी झाली. पेनाची रेघ तिच्यापेक्षा जास्त टिकली.

पण वाट बघणं संपलं नाही. या दिवसांत आईचं मन कसं होतं ते ज्याला अनुभव आहे त्यालाच कळेल. लेक म्हणाली, "पाय दुखतोय," की माझा हात तिच्या गुडघ्यावर. ती जरा लवकर झोपली की मी कपाळाला हात लावून बघणार. मध्येच एकदा तिला सर्दी-खोकला आणि अंगात कणकण आली, तेव्हा तर मी फोन हातात घेऊनच बसले होते. डॉक्टरबाईंनी सांगितलं की लाइमच्या सुरुवातीला ताप, डोकेदुखी, अंगदुखी, थकवा असू शकतो, पण नाक गळणं आणि खोकला हे त्याचं रूप नव्हे. ते साधं पडसंच निघालं. ओळखीच्यांना विचारावं तर कुणी म्हणायचं काही होत नाही, कुणी आयुष्यभर अंथरुणाला खिळलेल्या कुणाची तरी गोष्ट सांगायचं. मी विचारणं बंद केलं.

रोज संध्याकाळी अंग तपासायचं ठरलेलं होतं. लेक तोंडाने यादी म्हणायची, कान, मान, काखा, बेंबी, आणि मी तिच्या मागून बघत जायची. तिचे केस दाट आणि लांब. डोक्यात बोटं घालून चाचपायची, पण खसखशीएवढी वस्तू तशा केसांत हाताला लागेलच असं नाही.

गुडघ्यामागची लाली जाऊन बरेच दिवस झाले होते. एका संध्याकाळी वेणी वर धरली तर मानेवर, केसांच्या सीमेखाली, गुलाबी-लाल डाग. वर्तुळं नाहीत, फोड नाही, मध्ये चाव्याचं टोकही दिसेना. लंबगोल, कडा स्पष्ट, आणि वरचा भाग केसांत शिरलेला. विचारलं, "खाजतंय?" "नाही." "दुखतंय?" "नाही, तू सोड ना वेणी." बाकीच्या मानेपेक्षा तो भाग बोटांना गरम लागत होता. खालच्या कडेने पेनाची रेघ मारली, फूटपट्टी ठेवून फोटो काढला. सकाळी लाली रेघेच्या खाली आली होती. केस बाजूला करून मोजलं तर सहा सेंटीमीटरच्या पुढे.

डॉक्टरबाईंनी उजेडात पाहिलं, केस विंचरून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हाच तो." वैद्यकीय नाव एरिथिमा मायग्रन्स. चट्टा इतका स्पष्ट असताना आणि आम्ही अशा भागात राहत असताना रक्त तपासायची गरजच नसते. या टप्प्यावर तपासणी पुष्कळदा 'नाही' सांगते, आणि त्या 'नाही'वर विसंबून औषध लांबवणं सगळ्यात वाईट.

गुडघ्यामागच्या गोचिडीचा याच्याशी काहीही संबंध नव्हता. चट्टा चाव्याच्या जागी उठतो, आणि ही जागा वेगळी होती. दुसरी निम्फ केसांत कधी शिरली, तीन-चार दिवस रक्त पिऊन कधी गळून पडली, कुणालाच कळलं नाही. लाइम झालेल्या कित्येकांना गोचीड चावल्याचं आठवतही नाही, आणि लहान मुलांना डोक्या-मानेवर चावण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं. म्हणून मी आता ज्याला त्याला सांगते, सापडलेल्या गोचिडीवर सगळं लक्ष लावून बसू नका. ती निघाली. न सापडलेलीचा विचार करा.

औषध ठरवताना दातांचा प्रश्न आला. डॉक्सिसायक्लिन ज्या टेट्रासायक्लिन गटातलं, त्या गटातल्या औषधांनी लहान मुलांचे येणारे दात डागाळतात, म्हणून आठ वर्षांखाली ती टाळायची, हे मीही ऐकून होते. डॉक्टरबाई म्हणाल्या की डॉक्सिसायक्लिनने थोड्या दिवसांच्या उपचारात तसं होत असल्याचं दिसलेलं नाही आणि मज्जासंस्थेला लाइमने धरलं असतं तर त्यांनी तेच दिलं असतं. पण नुसता चट्टा असताना अमॉक्सिसिलिन हे दुसरं प्रतिजैविकही तितकंच चांगलं काम करतं. वजनावरून मात्रा काढली, दिवसातून तीनदा, 14 दिवस. दुपारचा डोस शाळेतल्या नर्सकडे.

एक गोष्ट त्यांनी आधीच सांगून ठेवली होती, म्हणून त्या रात्री आम्ही घाबरलो नाही. पहिल्या डोसानंतरच्या दिवसभरात काहींना ताप चढतो, चट्टा जास्त लाल दिसतो. जिवाणू एकदम मरायला लागल्यावर शरीर असं वागतं. ती औषधाची अ‍ॅलर्जी नसते, औषध थांबवायचं नसतं. लेकीला रात्री ताप आला, हुडहुडी भरली, डोकं दुखतं म्हणून ती मला चिकटून झोपली. सकाळपर्यंत उतरला. पुढच्या काही दिवसांत चट्टा मधून फिका होत गेला. गंमत अशी की ती चित्रातली वर्तुळं तेव्हा कुठे थोडीशी दिसली, मग तीही गेली.

मी यादी करूनच प्रश्न नेले होते. हृदय? मेंदू? सांधे? त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, मान आखडून तीव्र डोकं दुखणं, चक्कर येणं किंवा छातीत धडधडणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी यायचं. गुडघा सुजणं हे काही महिन्यांनीही होऊ शकतं, म्हणून ते लक्षात ठेवायचं. पण चट्ट्याच्या टप्प्यावर औषध मिळालेली मुलं जवळपास सगळीच पूर्ण बरी होतात. हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

कोर्स संपल्यावर 'आता तरी रक्त तपासून खात्री करूया' असं नवरा म्हणाला. यावेळी उत्तर मीच दिलं. प्रतिपिंडं वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात, आजार गेला तरी तपासणी 'आहे' म्हणत राहील. बरं झाल्याचा कागद या आजारात मिळत नाही. लेक खेळते, जेवते, चिडते, पळते, तेच बघायचं.

आणि एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. नवी गोचीड, नवा संसर्ग. माणसांसाठी एक लस 1998 मध्ये बाजारात आली होती, 2002 मध्ये कंपनीने ती मागे घेतली. कुत्र्यांसाठी लाइमची लस मिळते, माझ्या मुलीसाठी मिळत नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

झाडीत जायला आम्ही तिला बंदी घातलेली नाही. लांब पँट, पँटची खालची टोकं मोज्यांत खोचलेली, कपड्यांवर पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा, उघड्या अंगाला डीट हे कीटक दूर ठेवणारं द्रव्य असलेलं मलम, ते तिच्या हातात न देता आपण लावायचं. घरी आल्यावर दोन तासांच्या आत आंघोळ. कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं, कारण गार पाण्याच्या धुण्यातून गोचीड जिवंत निघते, कोरड्या उष्णतेत मात्र टिकत नाही. आणि केस आता चाचपत नाही. दिव्याखाली बसवून एकेक भांग पाडत, कंगव्याने पूर्ण डोकं बघते. तिला कंटाळा येतो, अर्धा तास जातो, पण त्यात सूट नाही.